सहलीच्या कार्डावरचा फोटो

फोटो काढायचा की नाही, यावर आमच्या घरात तीन दिवस बोलणं चाललं होतं. तोपर्यंत माझा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. घरात होता तो मामाच्या लग्नातला, आणि त्यात मी आईच्या पदराआड निम्मी झाकलेली. आता मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजातून हंपीला सहल जाणार होती आणि तिच्यासाठी ओळखपत्र काढायचं होतं. त्यावर फोटो लागत होता. एक नाही, दोन.

"दोन कशाला?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील.

"एक कार्डावर चिकटवतात. दुसरा मुंबईच्या हेड ऑफिसला जातो."

"मुंबईत तुझ्या फोटोचं काय काम?"

मी फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला.

त्या वर्षी लक्ष्मीपुरीत, सायकलच्या दुकानाच्या माडीवर, एक ऑफिस उघडलं होतं. कॉलेजातल्या मुलामुलींना आणि नव्यानं नोकरीला लागलेल्या तरुणांना स्वस्तात सहलीला न्यायचं हा त्यांचा धंदा. मुंबईला मुख्य कचेरी. पुणे, सांगली, बेळगावला शाखा. आणि आता कोल्हापूर. रेल्वेचं विद्यार्थ्यांना मिळणारं कन्सेशन, उतरायची जागा, जेवण, सगळं तेच बघणार. आज यात कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा आमच्यासाठी सहल म्हणजे शाळेतून पन्हाळ्याला जाऊन संध्याकाळी परत येणं, आणि लांबचा प्रवास म्हणजे कुणाचं तरी लग्न, नाहीतर मयत. काही काम नसताना सहा दिवस परगावी जायचं, त्यासाठी अनोळखी माणसाच्या हातात पैसे द्यायचे, आणि तोही पाच गावांत दुकान मांडून बसलेला, हे आमच्या गल्लीत कुणाला पटत नव्हतं.

अण्णा संस्थानच्या दप्तरात कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांना मुंबई सरकारच्या नोकरीत घेतलं, पण हुद्दा खाली आला आणि डोक्यावर खानदेशातून बदलून आलेला साहेब बसला. तेव्हापासून बाहेरून आलेल्या छापील कागदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. कसलाही फॉर्म हातात आला की ते आधी उलटून मागची बाजू बघायचे. तरी त्यांनी या सहलीला हो म्हटलं, कारण आमच्या इतिहासाच्या बाई बरोबर येणार होत्या आणि प्रत्येक फॉर्मवर प्रिन्सिपॉलसाहेबांची सही होती. त्या सहीपुढं त्यांना नाही म्हणवलं नाही.

फोटोग्राफरचं दुकान महाद्वार रोडच्या एका बोळात होतं. माणूस मंगळवार पेठेतला, पैलवानासारखा आडदांड, आणि बोलला की सगळ्या बोळाला ऐकू जायचं. त्यानं मला पडद्यासमोर स्टुलावर बसवलं.

"हात असं मोकळं सोडू नगा, ताई. कसंतरीच दिसतंय." असं म्हणून त्यानं कपाटातलं एक जाड पुस्तक माझ्या हातात दिलं.

"नुसता चेहरा पाहिजे," अण्णा म्हणाले.

"चेहराच देतो की. घेताना निम्मा माणूस घ्यायचा, मग कापायचा. माझी पद्धत हाय ती."

"दोनच प्रती काढायच्या. आणि काच मी नेणार."

त्यानं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. तेव्हा फोटोची मूळ छबी काचेवर उतरायची आणि ती काच दुकानातच राहायची. "काच कोण न्हेत न्हाय, साहेब."

"त्या काचेवरून तुम्ही पन्नास फोटो काढाल."

"पन्नास काढून काय करू? माझ्या पोरीसारखी हाय की ती."

अण्णा ऐकेनात. शेवटी तो वैतागून "न्या" म्हणाला. चार दिवसांनी आम्ही दोन छोटे फोटो आणि पाकिटात गुंडाळलेली काच घेऊन घरी आलो. अण्णांनी काच आपल्या लाकडी पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. मला म्हणाले, "तुझे दोनच फोटो आहेत. ते कुठं आहेत हे आपल्याला कायम ठाऊक असलं पाहिजे."

ऑफिसात फोटो द्यायलाही ते माझ्याबरोबर आले. मॅनेजर तिशीतला, किडकिडीत, चष्मेवाला माणूस होता. एका टेबलाशी बसून एकटाच सगळं लिहीत होता. "बसा, एवढा फॉर्म भरायलोय," तो म्हणाला, आणि त्या 'भरायलोय'वरून तो इकडचा नाही हे आम्हांला लगेच कळलं. आमच्या कोल्हापुरात 'भरालोय' म्हणतात. अण्णांनी गाव विचारलं. "निजामाच्या मुलखातलं," तो म्हणाला. नेमकं कुठलं, ते सांगितलं नाही. आडनावावरूनही काही कळेना. मला तो "तुम्ही" म्हणत होता. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला "तुम्ही" म्हणणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते मला आवडलं की खटकलं हे आज सांगता येणार नाही.

त्यानं माझी उंची विचारली. जन्मतारीख विचारली. मग म्हणाला, "ओळखीची खूण?"

"ती कशाला?" अण्णा म्हणाले. "कैद्याची लिहितात तशी?"

"फॉर्मात रकाना आहे, साहेब."

माझ्या हनुवटीखाली तीळ आहे. तो ते लिहीत असताना अण्णा त्याच्या टाकाकडं बघत राहिले. जिना उतरल्यावर म्हणाले, "उंची, तीळ, फोटो. एवढं तर स्थळाकडचे लोकसुद्धा विचारत नाहीत."

आठवडाभरात कॉलेजात कुजबुज सुरू झाली. माझी एक मैत्रीण होती, शिवाजी पेठेतल्या गुळाच्या अडत्याची मुलगी. वर्गात माझ्या शेजारी बसायची आणि सगळ्या बातम्या तिच्याकडं आधी यायच्या. तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"तुला कळलं का? फोटो मुंबईला जातच न्हाईत. स्टुडिओत जात्यात."

कोल्हापुरात तेव्हा सिनेमा तयार व्हायचे. स्टुडिओच्या फाटकाशी परगावची पोरं नशीब काढायला ताटकळत उभी असायची. "हिचा फोटो स्टुडिओत गेला" असं एखाद्या मुलीबद्दल गावात बोललं गेलं, की पुढं काही सांगायला लागायचं नाही.

"कोण म्हणालं?"

"सगळीच म्हणत्यात. त्यो मॅनेजर म्हणं स्टुडिओजवळच्या हॉटेलात चहा पीत हुता. एका काळ्या चष्मेवाल्याबरोबर."

चहा तर कुणीही पितं. तरी माझा फोटोही त्याच्याकडं होता. आम्ही दोघींनी ठरवलं की या माणसावर नजर ठेवायची. त्याच्या ऑफिससमोर एका शिंप्याचं दुकान होतं. पोलक्याची मापं द्यायच्या निमित्तानं आम्ही तीन दुपारी तिथं जाऊन बसलो. मैत्रिणीनं एकाच पोलक्याचा गळा तीनदा बदलला. शिंपी कंटाळला, पण आम्ही उठलो नाही. पहिले दोन दिवस मॅनेजर खाली उतरलाच नाही. तिसऱ्या दिवशी उतरला, हातात लाखेचं सील लावलेलं मोठं पाकीट घेऊन. आम्ही मागं मागं स्टेशनपर्यंत गेलो. मिरजेची गाडी उभी होती. त्यानं ते पाकीट गार्डाच्या हातात दिलं, दोन शब्द बोलला, आणि गाडी सुटली.

"पोस्ट हाय की गावात," मैत्रीण माझ्या कानात म्हणाली. "मग गार्डाकडं कशाला?"

मॅनेजरनं शेंगा घेतल्या आणि बाकावर एकटाच बसून खाल्ल्या. त्यातही आम्हांला काहीतरी दिसलं. "कुणाची तरी वाट बघतोय," ती म्हणाली. आम्ही बराच वेळ थांबलो. कुणी आलं नाही. शेंगा संपल्यावर त्यानं टरफलं रुमालात गोळा केली, बाहेर नेऊन टाकली आणि परत गेला. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गात झालं की त्यानं मुलींचे फोटो गार्डाकरवी बाहेर पाठवले. सांगणाऱ्या आम्हीच होतो. पाकिटात काय होतं, ते आम्ही बघितलं नव्हतं.

त्याच सुमारास एका रविवारी आमच्याकडं गडहिंग्लजहून एक बाई आणि त्यांचे भाऊ आले. अण्णांची जुनी ओळख, कोल्हापुरात काही काम होतं म्हणून डोकावलो, असं म्हणाले. आईनं पोहे केले. मी बशा घेऊन गेले तर बाई माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "फोटोपेक्षा उजळ आहे की हो, अक्का. आणि तो फोटोही छान निघालाय. हातात पुस्तक धरून कशी ऐटीत बसलीय!"

आईच्या हातातला चमचा थांबला. "कुठला फोटो?"

"आलाय की आमच्याकडं," बाई म्हणाल्या. त्यांच्या भावानं घसा खाकरला, आणि त्यांनी इचलकरंजीच्या मागाच्या लुगड्यांचा विषय काढला.

ती माणसं गेल्यावर आई रडायलाच लागली. "पोरीचा फोटो गडहिंग्लजपर्यंत गेला! आणखी कुठं कुठं गेला असेल?" तिला काच पेटीत आहे हे ठाऊक होतं. दोन फोटो ऑफिसात दिलेत हेही ठाऊक होतं. म्हणजे तिसरी वाट नव्हतीच. अण्णा उपरणं घेऊन बाहेर निघून गेले. मला वाटलं, ते मॅनेजरचा गळा धरायला गेले.

ते कुठं गेले कोण जाणे, मॅनेजरकडं मात्र गेले नाहीत. आईनं शेजारणीला सांगितलं, शेजारीण एका वकिलाच्या घरी जायची, आणि त्या वकिलाची मुलगीही सहलीला येणार होती. दोन दिवसांत वकिलांनी सात-आठ पालक गोळा केले आणि सगळे प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत जाऊन बसले. अण्णांना जावंच लागलं, कारण फोटो त्यांच्या मुलीचा. मलाही वर्गातून बोलावून घेतलं. मॅनेजर टेबलाच्या एका बाजूला उभा होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती.

वकील म्हणाले, "या मुलीचा फोटो गडहिंग्लजला कसा पोचला, एवढं सांगा."

"मला माहीत नाही, साहेब. सगळी कार्डं मी आणलीत."

त्यानं पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. वरती दोरा बांधला होता, त्याची गाठ त्याला सुटेना. शेवटी इतिहासाच्या बाईंनी सोडवली. माझं कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं. "हा एक फोटो. दुसरा सांगलीच्या शाखेमार्फत मुंबईला गेलाय. आमची पाकिटं गार्डाकडून सांगलीला जातात, तिथून सगळी एकत्र जातात. तार करून विचारा."

"तुमच्याच माणसांना विचारायचं होय?" वकील हसले.

मी टेबलाशी उभी होते. कार्ड माझ्यासमोर होतं. त्यावर माझा चेहरा होता, गळ्यापर्यंत. बस, तेवढाच. खाली हात नव्हते, आणि हातातलं पुस्तकही नव्हतं.

गडहिंग्लजच्या बाईंनी पुस्तक बघितलं होतं.

मी अण्णांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवर घाम आला होता, आणि एवढ्या गर्दीत त्यांनी एकदाही माझ्या कार्डाकडं मान वळवली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं कार्ड असतं तर त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं असतं. मला कळलं. त्या क्षणी सगळं कळलं असं नाही, पण त्यांना ठाऊक आहे एवढं कळलं.

प्रिन्सिपॉलसाहेब मला म्हणाले, "बाळ, तुला काही सांगायचंय?"

मॅनेजरही माझ्याकडं बघत होता. मला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. एवढ्या माणसांसमोर, माझ्या बापासमोर, ती माझ्या तोंडातून आली नाहीत.

"नाही, सर," मी म्हणाले.

साहेबांनी मुलींच्या फॉर्मवरच्या सह्या मागं घेतल्या. फक्त मुलं जातील असं ठरलं. पण मुलांची संख्या पुरेशी होईना, आणि कोल्हापूरची ती सहल गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच महाद्वार रोडला गेले. मी तोंड उघडायच्या आधीच फोटोग्राफर ओरडला, "काय ताई, मोठा फोटो पसंत पडला का? तुमच्या वडलांनी काच परत आणून दिलती. पुस्तकासकट पुरा काढा म्हणाले. मी म्हणलं, तवा तर लई भांडलासा की!"

संध्याकाळी अण्णा परसात तुळशीला पाणी घालत होते. आई देवळात गेली होती. मी विचारलं, "गडहिंग्लजला फोटो तुम्हीच दिलात ना?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. खोटं बोलतील असं मला वाटलं होतं. ते बोलले नाहीत.

"तू सहा दिवस बाहेर राहून आल्यावर लोक काय काय विचारतील, ते मला माहीत आहे. म्हटलं, त्याच्या आधी कुठं जमत असलं तर बघावं. तुझ्या आईला सांगितलं असतं तर गल्लीभर झालं असतं."

"मग काल तिथं का नाही सांगितलं?"

"मुलीला न विचारता, बायकोला न सांगता फोटो वाटतो, असं त्या वकिलासमोर सांगू?"

"पण त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं."

"फोटोत नसेल," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या कशात असेल. त्या माणसाचं काहीतरी आहे, मी तुला सांगतो. उगाच कुणी एवढ्या लांबून येऊन पोरांना हंपी दाखवत नाही."

ते खरंच तसं मानत होते. मला त्याचीच भीती वाटली. खोटेपणाचा राग तरी धरता आला असता.

मी मैत्रिणीला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघी ऑफिसात गेलो. मॅनेजर कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत भरत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं की फोटो आमच्या घरातूनच गेला, तुमचा काही संबंध नाही.

त्यानं चष्मा काढून पुसला. "लिहून देता?"

मी मैत्रिणीकडं बघितलं.

"दोन ओळी द्या. हेड ऑफिसला दाखवायला. माझ्यावर चौकशी लावली आहे त्यांनी."

"माझ्या वडिलांचं नाव येईल त्यात."

"येईल ना." त्यानं चष्मा परत घातला, आणि मग माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच कुणीतरी पाठवलेली, त्याच्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायला आलेली. "मग तुम्ही आलात कशाला?"

मैत्रीण म्हणाली, "सांगाय आलो की! बरं वाटावं म्हणून."

"कुणाला?" तो म्हणाला, आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

तो माणूस आठ दिवसांत गाव सोडून गेला. पुढं दोन-तीन महिन्यांनी अण्णा आपल्या ऑफिसातून बातमी घेऊन आले की त्या सहलवाल्यांनी सांगलीला व्यापाऱ्यांना विद्यार्थी म्हणून दाखवून रेल्वेचं कन्सेशन लाटलं, शाखा बंद झाली. "बघ," ते म्हणाले. एवढंच. ती बातमी खरी होती की आमच्याच बोलण्याला फुटलेला फाटा होता, ते मला आजही माहीत नाही. शिंप्याच्या दुकानात बसून आम्ही काय तयार केलं होतं ते ठाऊक असल्यामुळं, त्यानंतर मला कुठलीच बातमी सरळ घेता आली नाही.

गडहिंग्लजचं स्थळ जमलं नाही. "मुलीच्या फोटोवरून कॉलेजात काहीतरी झालं म्हणे," असा निरोप आला. आईनं त्याचाही दोष मॅनेजरला दिला. अण्णा जेवत होते, ते जेवत राहिले. त्यांनी पुढची दोन वर्षं माझ्यासाठी स्थळ बघितलं नाही, आणि मी बी. ए. झाले. लाजेनं बघितलं नाही की कुणी विचारेनासं झालं होतं म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

परीक्षा संपल्यावर, त्या इंटरच्याच वर्षी, मी मुंबईच्या मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं. शेवटी लिहिलं की कोल्हापूरच्या मॅनेजरकडून माझा फोटो कुणाला गेला नाही, तो घरच्या माणसानं दिला होता. 'वडील' हा शब्द घातला नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं आणि भवानी मंडपाजवळच्या पेटीत टाकून आले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पोस्टमननं ते अण्णांच्या हातात दिलं. पाकिटावर माझं नाव टाइप केलेलं होतं. अण्णांनी ते उलटून मागची बाजू बघितली.

"कुणाचं?"

"मैत्रिणीचं," मी म्हणाले.

कुठली मैत्रीण मशीनवर पत्ता छापते, हे त्यांनी विचारलं नाही. पाकीट मला दिलं. आत इंग्रजीत दोन ओळी होत्या, आपलं पत्र पोचलं, नोंद घेतली, आणि खाली न लागणारी सही. त्या माणसाचं काय झालं याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते वाचून घडी केली तेव्हा अण्णा दारातच उभे होते. आत आले नाहीत. त्यांनी माझी पत्रं कधी फोडली नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पण मी त्या घरात असेपर्यंत पोस्टमनची वेळ झाली की ते हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभे राहायचे, आणि आलेलं पाकीट माझ्या हातात देताना माझ्या तोंडाकडं बघायचे. मीही त्यांच्या तोंडाकडं बघायची.